शून्य म्हणजे झालं की नाही झालं?

मला मिळालेलं काम एका वाक्यात मावत होतं. "ड्रायव्हरमधला वेटचा सगळा कोड एका जागी आणायचाय, दोन आठवडे पुरतील ना?" वेट म्हणजे वाट बघणं. मी पुरतील म्हणालो. तेव्हा जूनचा पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. शेवटचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, आत गेला तेव्हा लोक दिवाळीची सुट्टी संपवून परत येत होते आणि पँट्रीत सगळ्यांच्या घरच्या चकल्या एकाच ताटात पडल्या होत्या.

कंपनीचं आणि चिपचं नाव सांगत नाही. एका छोट्या एसओसीमधला (सगळं एकाच तुकड्यावर असलेल्या चिपमधला) जीपीयू, म्हणजे चित्रं रंगवणारा प्रोसेसर, चिपवर लिनक्स, आणि त्याच्या कर्नेलमधला, म्हणजे गाभ्यातला, जीपीयू चालवणारा ड्रायव्हर, एवढं पुरे. ड्रायव्हर जुना होता. लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांना एकमेकांची वाट पाहता यावी म्हणून २०१४ साली, ३.१७ या आवृत्तीत, 'फेन्स' नावाची, काम झालं की नाही ते सांगणारी सामायिक रचना आली; पुढे ४.१० मध्ये तिचं नाव डीएमए फेन्स झालं. आमचा ड्रायव्हर लिहायला घेतला तो त्याच्याही आधी. त्यामुळे त्याची वाट पाहण्याची पद्धत अगदी घरगुती होती, ज्याला जशी गरज पडली तशी त्याने करून घेतलेली.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे सगळं गिरणीवर दळण टाकण्यासारखं आहे. सीपीयू कामाचे हुकूम एका रिंग बफरमध्ये टाकतो, म्हणजे डबा रांगेत ठेवतो. प्रत्येक कामाला चढता क्रमांक असतो. जीपीयू आपल्या गतीने दळत राहतो आणि एक काम उरकलं की मेमरीतल्या ठरलेल्या जागी त्याचा क्रमांक लिहून इंटरप्ट देतो, म्हणजे गिरणीतला पोऱ्या हाक मारतो. रांग एकच, त्यामुळे ४२ झाला म्हणजे ४१ झालाच. आता तुम्ही काय करायचं? तिथेच उभं राहून पिठाकडे बघत बसायचं, घरी जाऊन हाकेची वाट बघायची, की मधूनमधून चक्कर मारायची? आमच्या ड्रायव्हरमध्ये तिन्ही प्रकार होते. शिवाय चौथा एक होता: घराची किल्ली खिशात घालून गिरणीत बसून राहायचं आणि बाकीची मंडळी दाराबाहेर ताटकळत. त्याच्याकडे पुढे येतो.

पहिल्या दिवशी मी 'वेट' हा शब्द शोधला आणि सात फंक्शनं सापडली. रिंगमध्ये जागा होईपर्यंत थांबणारं एक. ते दहा दहा मायक्रोसेकंद जागेवरच फिरत राहायचं. युजरस्पेसमधून, म्हणजे साध्या प्रोग्रामांकडून, आयऑक्टलने (ड्रायव्हरला हाक मारायच्या कॉलने) आलेली विनंती थोपवून धरणारं दुसरं. सीपीयूला बफर, म्हणजे जीपीयू वापरतो तो मेमरीचा तुकडा, वाचायचा असेल तर जीपीयूचं काम संपेपर्यंत थांबणारं तिसरं. पडद्यावरचं चित्र बदलण्याआधी थांबणारं चौथं, त्यात चक्क एम-स्लीप एक, म्हणजे एक मिलिसेकंद झोप, असा लूप. सस्पेंडच्या वेळी, म्हणजे यंत्र झोपवताना, जीपीयू रिकामा झाला का हे रजिस्टरमधून (त्याच्या आतल्या छोट्या कप्प्यातून) विचारत बसणारं पाचवं. रीसेटचं स्वतःचं सहावं. आणि सातवं, जे कुणीच बोलावत नव्हतं. ते मी तासाभरात काढून टाकलं. या अख्ख्या कामात ज्या पॅचवर एकही प्रश्न आला नाही असा तेवढा एकच.

उरलेल्या सहांपैकी एक 'ट्रू-फॉल्स' परत द्यायचं, दोन फंक्शनं यश म्हणून शून्य द्यायची, दोन उरलेला वेळ द्यायची, आणि एक कधी शून्य तर कधी वजा ईबिझी, म्हणजे 'अजून काम चालू' हा चुकीचा आकडा. मला वाटलं, हीच तर मजा आहे. सगळ्यांच्या मागे एकच फंक्शन ठेवू, उरलेला वेळ परत देणारं, कारण कर्नेलही तसंच करतो. तीन दिवसांत पॅच तयार झाला. काढलेल्या ओळी घातलेल्या ओळींच्या दुप्पट होत्या, आणि तो आकडा बघून मी स्वतःवर भलताच खूश होतो.

बोर्ड सुरू झाला, पडदा आला, नमुन्याचे घनाकार गोल गोल फिरले. चौथ्या दिवशी टेस्टिंगच्या टीमने एक व्हिडिओ पाठवला: यादी वरखाली सरकवताना मधेच एखाद्या चौकोनात आधीचंच चित्र दिसतंय, अर्धं नवं अर्धं जुनं. दर वेळी नाही. मागे दुसरं काही जड चालू असेल तरच.

आमची लीड माझ्या मागे येऊन उभी राहिली, कोड वरखाली केला आणि म्हणाली, "इथे शून्य आलं तर काय?"

"शून्य म्हणजे वेळ संपली."

"आणि त्याच्या खालच्या ओळीत?"

खालच्या ओळीत लिहिलं होतं, उत्तर शून्यापेक्षा कमी असेल तर परत फिर. म्हणजे वेळ संपली, काम झालेलं नाही, आणि आमचा कोड सुखाने पुढे जाऊन बफर वाचतोय.

"आता मला सांग," ती म्हणाली, "तुझ्या फंक्शनमध्ये शून्य म्हणजे झालं की नाही झालं?"

हा प्रश्न पुढे चार महिने माझ्या मॉनिटरला चिकटलेला होता, पिवळ्या कागदावर.

आणि माझ्या बाजूने एवढंच म्हणतो की कर्नेलनेही इथे सापळाच मांडून ठेवलाय. डीएमए फेन्स वेट या फंक्शनने शून्य दिलं तर काम झालं. डीएमए फेन्स वेट टाइमआउट या त्याच्या सख्ख्या भावाने शून्य दिलं तर काम झालं नाही, वेळ संपली. झालं असेल तर तो उरलेले जिफी, म्हणजे कर्नेलच्या घड्याळाचे ठोके, देतो, निदान एक तरी. वेट इव्हेंट इंटरप्टिबलचं शून्य म्हणजे यश, वेट इव्हेंट टाइमआउटचं शून्य म्हणजे अपयश. नावात टाइमआउट आलं की शून्याचा अर्थ फिरतो. एकदा कळलं की तर्कशुद्ध वाटतं, पण रात्री साडेअकराला कुणी तर्क लढवत नाही. कंपायलरही बोलत नाही, त्याच्या लेखी दोन्हीकडे आकडेच.

मग आमच्यापुरता नियम केला. आतलं फंक्शन काही का देईना, ड्रायव्हरमध्ये बाहेर येणारं उत्तर तीनच प्रकारचं: शून्य म्हणजे झालं, वजा ईटाइमडआउट म्हणजे वेळ संपली, वजा ईरीस्टार्टसिस म्हणजे मधेच सिग्नल, प्रोग्रामला बाहेरून दिलेला इशारा, आला. उरलेला वेळ ज्याला हवाय त्याने वेगळा पॉइंटर, म्हणजे तो लिहायची जागा, द्यावा. असा गिऱ्हाईक एकच निघाला. फंक्शनवर 'उत्तर तपासलंच पाहिजे' अशी खूण लावली, म्हणजे उत्तर न बघता पुढे जाणाऱ्यावर कंपायलर ओरडतो. बोलावणाऱ्या जागा बदलायला कॉक्सिनेल हे अवजार वापरलं. कर्नेलमध्ये मोठे बदल करताना ते वापरतात; 'असा साचा दिसला की तसा कर' असं लिहून द्यायचं. त्याने बत्तीस जागा बदलल्या. नऊ जागा हाताने कराव्या लागल्या, आणि त्या नऊ जागांतच सगळं दुखणं होतं.

दुसरं प्रकरण घड्याळाचं. माझ्या लॅपटॉपवरच्या कर्नेलमध्ये एका सेकंदाचे हजार जिफी, बोर्डवर शंभर. म्हणजे बोर्डवर एक जिफी दहा मिलिसेकंदांची. एम-स्लीप एक असं लिहिलं तर माणसाला वाटतं एक मिलिसेकंद झोपेल. पण आमचा तेव्हाचा कर्नेल एकाची एक जिफी करायचा, वर आणखी एक घालायचा, कारण चालू जिफी किती उरलीय हे माहीत नसतं. म्हणजे बोर्डवर ही झोप वीस मिलिसेकंदांच्या घरात जायची. पडदा सेकंदाला साठ वेळा रंगवायचा तर एका चित्राला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. एका झोपेत एक चित्र हुकतं! आणि ही ओळ तिथे कित्येक वर्षं होती. कर्नेलच्या तेव्हाच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं होतं की दहा मायक्रोसेकंदांपासून वीस मिलिसेकंदांपर्यंतच्या झोपेसाठी यू-स्लीप रेंज वापरा. मी ते वापरलं, यादी लोण्यासारखी सरकायला लागली, आणि टेस्टिंगच्या टीमला वाटलं मी काहीतरी मोठं केलंय. मी काही बोललो नाही.

तो जादा एक जिफी मात्र मला उलट्या बाजूने भोवला. युजरस्पेसकडून वेळ नॅनोसेकंदांत यायची आणि नॅनोसेकंदांचे जिफी करणारं कर्नेलचं फंक्शन भागाकार करून अपूर्णांक सोडून देतं. नऊ मिलिसेकंद मागितले तर शून्य जिफी. शून्य जिफी म्हणजे थांबूच नकोस, फक्त विचारून ये. इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरमध्ये यासाठी एक छोटं फंक्शन आहे, रूपांतर करून एक मिळवणारं. मी तेच केलं. मग शून्य नॅनोसेकंद मागणाऱ्याला एक जिफी मिळायला लागली, आणि 'फक्त विचारून ये' म्हणणारा कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्यांचं एक चित्र जुळवणारा प्रोग्राम, प्रत्येक चित्रामागे दहा मिलिसेकंद झोपायला लागला. मग शून्याला वेगळी वाट केली. पिवळा कागद बघून लीड हसली.

याच्याच पोटात सिग्नलचा प्रश्न. आयऑक्टल थांबलेली असताना प्रोसेसला सिग्नल आला की ड्रायव्हरने वजा ईरीस्टार्टसिस द्यायचं. मग एक तर कर्नेल ती कॉल पुन्हा सुरू करतो, किंवा युजरस्पेसला ईइंटर ('मधेच खंड पडला') मिळतं आणि लिबडीआरएम या लायब्ररीतला लूप स्वतःहून पुन्हा हाक मारतो. दोन्हीत एकच: कॉल पहिल्यापासून सुरू होते. आमच्या आयऑक्टलमध्ये 'पाचशे मिलिसेकंद थांब' असं सापेक्ष लिहिलेलं. एक जण प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते मोजणारं अवजार) लावून बसला होता, जो दर काही मिलिसेकंदांनी सिग्नल पाठवतो. त्याचे पाचशे मिलिसेकंद प्रत्येक सिग्नलला नव्याने सुरू व्हायचे आणि कधीच संपायचे नाहीत. कारकुनाने प्रत्येक वेळी "साहेब आत्ताच बाहेर गेलेत, अर्ध्या तासात येतील" म्हणावं तसं.

उपाय माहीत असलेला आहे: किती वेळ थांबायचं ते नको, कधीपर्यंत थांबायचं ते द्या, मोनोटॉनिक, म्हणजे कधी मागे न जाणाऱ्या, घड्याळाप्रमाणे. कर्नेलच्या सिंकऑब्ज या वाट बघायच्या सोयीत तसंच आहे. किंवा उरलेला वेळ विनंतीसोबत आलेल्या स्ट्रक्टमध्ये, म्हणजे माहितीच्या साच्यात, परत लिहा. आय९१५ च्या जेम वेट या आयऑक्टलमध्ये तसं करतात. आम्हाला दुसरा मार्ग बंद होता, कारण आमच्या आयऑक्टलच्या क्रमांकातच 'युजरकडून कर्नेलकडे, एकाच दिशेने' असं कोरलेलं होतं. त्यामुळे परत लिहायला काही जाणारच नाही. जुनी आयऑक्टल बदलता येत नाही. आधीच विकलेल्या यंत्रांवर तिला बोलावणारे प्रोग्राम आहेत. म्हणून नवी आयऑक्टल आली, अखेरची वेळ घेणारी, आणि जुनी तशीच शेजारी राहिली. 'एका जागी आणणं' हे काम सुरू करून मी एक वाढवून ठेवली होती.

सस्पेंडचं फंक्शन मात्र मला आवडलं, कारण त्याचा बग कागदावर दिसत होता. शेकडो वेळा झोपवून उठवलं की एखाद्या वेळी सस्पेंड फसायचं. लॉगमध्ये ओळ: जीपीयू रिकामा झाला नाही, वेळ संपली. आणि तिच्याच खाली, त्याच वाटेवर छापलेलं रजिस्टर: रिकामा. दोन्ही खरं कसं? लूप असा होता: रजिस्टर बघ, रिकामं नसेल तर घड्याळ बघ, वेळ संपली असेल तर हार मान. रजिस्टर बघितलं, आणि घड्याळ बघण्याआधीच शेड्युलरने (कुणाला कधी सीपीयू द्यायचा ते ठरवणाऱ्याने) आमच्या थ्रेडला बाजूला बसवलं. तो परत आला तेव्हा जीपीयू केव्हाच रिकामा झालेला, पण आमचा लूप फक्त घड्याळ बघतो आणि बोंब मारतो. आधी घड्याळ वाचून ठेवायचं, मग रजिस्टर बघायचं, मग वाचलेल्या वेळेवरून ठरवायचं. एवढा क्रम बदलला की झालं. कर्नेलच्या रीड पोल टाइमआउट या मॅक्रोमध्ये, म्हणजे कोडच्या तयार साच्यात, वेळ संपल्यावर शेवटचं एकदा पुन्हा वाचतात, अर्थ तोच. मी सरळ तो मॅक्रोच घेतला. स्वतः लिहिलेला लूप काढून टाकायला मला कधीच वाईट वाटत नाही.

आता किल्लीकडे येतो.

सीपीयूला बफर वाचायच्या आधी थांबणारं ते तिसरं फंक्शन, ते डिव्हाइसचा म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारी किल्ली, हातात धरून थांबायचं. त्याची वेळ पाच सेकंद. संपली की वजा ईबिझी द्यायचं. बोलावणारे ते उत्तर बघतही नव्हते. पाच का, हे कुठे लिहिलेलं नाही. मला ते गबाळं वाटलं. उत्तर कुणी बघत नसेल तर वेळ तरी कशाला हवी? काम होईपर्यंत थांबेल बिचारं. मी तिथे अमर्याद वेळ घातली.

दोन आठवडे काही झालं नाही. मग एका संध्याकाळी मुद्दाम बिघडवलेला शेडर (जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्राम) चालवून जीपीयू अडकवणारी चाचणी लावली आणि मी चहाला गेलो. आलो तेव्हा पडदा गोठलेला. एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून आत शिरायची वाट, चालू होतं. पीएसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामांच्या यादीत, प्रोसेस डी अवस्थेत, म्हणजे न उठवता येणाऱ्या झोपेत. किल उणे नऊ, म्हणजे सक्तीने मारायचा हुकूम, दिलं, काही नाही. डी मधल्या प्रोसेसला तेही ऐकू येत नाही. दोन मिनिटांनी कर्नेलची ती ओळख असलेली ओळ लॉगमध्ये आली: अमुक टास्क १२० सेकंदांहून जास्त अडकलाय. पाठोपाठ दुसरी, दुसऱ्या टास्कबद्दल. दुसरा टास्क रीसेटचा होता.

चित्र असं. वाट बघणारा म्युटेक्स धरून बसलाय आणि जीपीयूच्या उत्तराची वाट बघतोय. जीपीयू मेलाय, त्यामुळे उत्तर येणार ते रीसेट झाल्यावरच. रीसेट करणारा थ्रेड जागा झालाय, पण रीसेटला तोच म्युटेक्स हवाय. किल्ली खिशात, खिसा गिरणीत, आणि गिरणीवाला घरच्या दारात उभा. जुन्या कोडमध्ये हेच व्हायचं, फक्त पाच सेकंदांनी वाट बघणारा कंटाळून उठायचा, म्युटेक्स सुटायचा, रीसेट व्हायचा आणि पडदा एकदा थरारून पुन्हा चालू. कित्येक वर्षं हा ड्रायव्हर त्या पाच सेकंदांवर तरून राहिला होता. लिहिणाऱ्याला ते माहीत होतं की नुसतंच नशीब, ते आता विचारायला कुणी उरलेलं नाही.

पाच सेकंद परत घालून मोकळं होता आलं असतं. लीडने तसं सुचवलंही, "आधी लोकांचं काम सुरू होऊ दे." तो एक पॅच त्या रात्रीच गेला. नीट दुरुस्तीला मात्र तीन आठवडे लागले. म्युटेक्स हातात असताना फक्त फेन्सचा रेफरन्स, म्हणजे त्या कामाची पावती, घ्यायचा, म्युटेक्स सोडायचा, मग थांबायचं. थांबून झाल्यावर म्युटेक्स पुन्हा घ्यायचा तर मधल्या काळात जग बदललेलं असू शकतं. बफरवर कुणी नवं काम टाकलेलं असेल. मग पुन्हा थांबायचं? माझ्या पहिल्या प्रयत्नात मी लूप घातला, 'बफर पूर्ण मोकळा होईपर्यंत'. एक प्रोग्राम सतत काम टाकत राहिला आणि दुसरा वाट बघणारा कधीच सुटला नाही. आता ठरवलंय ते असं: तू हाक मारलीस त्या क्षणी बफरवर जे काम होतं तेवढ्यासाठी थांब; नंतर आलेलं तुझं नाही. नंतर आलेल्यासाठीही थांबायचं असेल तर नवं काम घेणंच रोखलं पाहिजे, आणि ती गरज फक्त सस्पेंडला आहे.

या सगळ्यात लॉकडेपने मला जितकं झापलं तितकं शाळेत गणिताच्या सरांनीही झापलं नसेल. लॉकडेप म्हणजे कोणतं लॉक कोणत्या लॉकच्या आत घेतलं जातं याची वही ठेवणारा कर्नेलचा भाग. २०२० पासून त्याला फेन्सही समजतात: 'इथून पुढचा कोड फेन्स पूर्ण करण्याच्या वाटेवर आहे' अशी खूण लावता येते. मी ती खूण रीसेटच्या सुरुवातीला लावली आणि पहिल्याच रीसेटला लांबलचक निषेध छापून आला. खरोखर कोंडी व्हायची वाटसुद्धा बघायला लागली नाही. रीसेटमध्ये आम्ही मेलेल्या जीपीयूची अवस्था लिहून ठेवायला साधी मेमरी मागत होतो. मेमरी कमी असेल तर कर्नेल ड्रायव्हरांनाच म्हणतो, तुमचे बफर सोडा. बफर सोडायचे तर त्यांच्यावरचं काम संपायला हवं. काम संपायचं तर रीसेट व्हायला हवा. आणि रीसेट मेमरीसाठी थांबलाय. असं प्रत्यक्षात घडायला तीन अपघात एका क्षणी व्हावे लागतील, पण विकलेली यंत्रं खूप असली की तो क्षण कुणाच्या तरी टेबलावर येतोच. मेमरी आता ड्रायव्हर सुरू होतानाच घेऊन ठेवतो.

सर्वांत जास्त खंत वाटते ती मात्र एका सेकंदाची.

आयऑक्टलवाल्या जुन्या फंक्शनमध्ये एक विचित्र गोष्ट होती. कितीही वेळ थांबायचं असो, ते एकेका सेकंदाच्या तुकड्यांत थांबायचं. सेकंद झाला की उठून क्रमांक स्वतः बघायचं, झालं नसेल तर पुन्हा झोपायचं. इंटरप्ट उठवणारच आहे तर हा उपद्व्याप कशाला? गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या वहीत, बघितलं, कमिटचा (त्या बदलाच्या नोंदीचा) मजकूर दोन शब्दांचा: "हँग दुरुस्त." मी मनात लेखकाला दोन शब्द ऐकवले आणि तुकडे काढून टाकले.

ऑगस्टच्या शेवटी तक्रारी आल्या. पडदा मधेच थांबतो, बोट लावलं की चालू होतो. बोट लावलं की चालू होतो, कारण बोट लावल्यावर नवं काम जातं, त्याचा इंटरप्ट येतो, आणि त्या हाकेने आधीचाही जागा होतो. म्हणजे आधीच्या कामाची हाक वाया गेली होती. एफट्रेस, म्हणजे कर्नेलमध्ये काय कधी घडलं ते टिपणारं अवजार, लावून दोन दिवस बसलो. इंटरप्ट येत होता. हँडलर, म्हणजे इंटरप्टला ओ देणारा कोड, धावत होता. तो मेमरीतला क्रमांक वाचत होता, आणि क्रमांक जुनाच होता. काही मायक्रोसेकंदांनी वाचला तर नवा. जीपीयू आधी क्रमांक लिहितो, मग इंटरप्ट देतो, हे खरं. पण लिहिलेलं मेमरीत पोचायच्या आधी इंटरप्ट सीपीयूपर्यंत पोचत होता. पोऱ्याची हाक आली, तुम्ही खिडकीशी गेलात, डबा अजून आतच, तुम्ही "नाही झालं वाटतं" म्हणून घरी गेलात. दुसरी हाक येणार नाही.

हे काही आमच्याच चिपचं पाप नाही. इंटेलच्या आयव्ही ब्रिज पिढीसाठी आय९१५ मध्ये नेमका असाच तोडगा आहे: क्रमांक वाचण्याआधी जीपीयूचं एक रजिस्टर वाचायचं, म्हणजे वाटेत असलेलं लिखाण आधी उतरतं. मी ते पूर्वी वाचलेलं होतं! वाचलेलं होतं, पण आपल्या कोडमधल्या एका सेकंदाशी त्याचा संबंध असेल हे डोक्यात आलं नाही. हार्डवेअरच्या टीमला विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे एका रजिस्टरचं नाव सांगितलं, जणू मी कँटीन कुठे आहे विचारलं होतं. "हे लिहिलेलं कुठे आहे?" विचारलं तर म्हणाले, "लिहायला कुणी सांगितलं नाही."

रजिस्टर वाचणं घातलं, थांबणं थांबलं. तरी सेकंदाचा टायमर मी परत आणला, मात्र वेगळ्या रूपात. तो आता मुकाट्याने सावरून घेत नाही. क्रमांक पुढे गेलाय पण कुणी उठवलं नाही असं दिसलं तर तो उठवतो, लॉगमध्ये ओळ टाकतो आणि डीबगएफएसमधल्या (कर्नेलच्या आतलं बघायच्या खिडकीतल्या) एका फाइलमध्ये मोजणी एकाने वाढवतो. त्याच्या वर मी अकरा ओळींची कॉमेंट लिहिली. रिव्ह्यूमध्ये एकाने लिहिलं, कॉमेंट फार लांब आहे. मी तशीच ठेवली.

जाता जाता क्रमांकाबद्दलही. तो ३२ बिटांचा, त्यामुळे कधीतरी भरून पुन्हा शून्यावर येतो, आणि तेव्हा 'मोठा म्हणजे नंतरचा' हे गणित चुकतं. वजाबाकी करून चिन्ह बघावं लागतं. आमच्याकडे तीन ठिकाणी वजाबाकी होती, एके ठिकाणी सरळ तुलना. कर्नेल स्वतःच्या जिफींचा आकडा मुद्दाम असा सुरू करतो की ३२ बिटांचा मोजणारा मशीन सुरू झाल्यावर पाचच मिनिटांत उलटावा, म्हणजे असे बग पहिल्या चहाआधीच पकडले जातात. आमचा क्रमांकही आता डीबग बिल्डमध्ये उलटायच्या जरा आधीपासून सुरू होतो.

पॅचबद्दल थोडं. मी पहिल्यांदा पाठवला होता तो एकच मोठा पॅच. परत आला, शेरा एवढाच: "हे वाचणार कोण?" राग आला होता. मग एकोणीस तुकडे केले, प्रत्येक तुकड्यावर ड्रायव्हर बांधता आणि चालवता आला पाहिजे या अटीने, नाहीतर पुढे गिट बायसेक्ट (कुठल्या बदलाने बिघडलं ते शोधणारी सोय) लावणाऱ्याचे हाल. तुकडे करताना मला माझेच दोन बग सापडले, जे मोठ्या पॅचमध्ये एकमेकांना झाकत होते. नंतर तो एका सेकंदाचा घोटाळा शोधताना बायसेक्टने थेट चौदाव्या पॅचवर बोट ठेवलं. लेखक मीच.

सहापैकी पाच फंक्शनं आता एकाच वाटेने जातात. रिंगमध्ये जागा शोधणारं मात्र वेगळंच राहिलं. ते स्पिनलॉक, म्हणजे बाकीच्यांना जागेवरच फिरत ठेवणारं कुलूप, धरून थांबतं, तिथे झोपता येत नाही, आणि ते बदलायचं तर काम पाठवण्याची अख्खी वाट उलगडावी लागेल. माझा दोनदा हात शिवशिवला. त्याच्या डोक्यावर 'हे इथे का वेगळं आहे' अशी चार ओळींची कॉमेंट ठेवली आणि फाइल बंद केली.

लॅबमध्ये बारा बोर्ड रात्रंदिवस चालतात. डीबगएफएसमधली ती मोजणी मी रोज सकाळी आल्या आल्या बघायचो. अकरा बोर्डांवर शून्य. सात नंबरच्या बोर्डावर गेल्या सोमवारी एक दिसला, बुधवारी दोन. लॉगमधल्या दोन्ही ओळी उचलून हार्डवेअरच्या टीमला पाठवल्या. त्यांचं उत्तर आलंय: बोर्ड खाली घेऊन या, आणि त्याला हात लावू नका, चालू असतानाच आणा. ते कसं आणायचं हे बघायला मी आणि टेस्टिंगमधला एक जण यूपीएसची ट्रॉली शोधतोय.